ती पोरगी दोनदा का मेली?

नवरात्र लागलं की यवतमाळ रात्रभर जागं असतं. देवी पाहायला गावोगावची माणसं येतात आणि आमच्या अपघात विभागालाही उसंत नसते. म्हणून त्याआधीचे दोन रविवार इंटर्न मुलामुलींनी वसतिगृहाच्या हॉलमध्ये सिनेमा लावला. पडदा म्हणजे वॉर्डातली धुतलेली पांढरी चादर. तिच्या कोपऱ्यात रुग्णालयाचा निळा शिक्का होता आणि दोन्ही रविवारी तो नायकाच्या कपाळावर बरोबर उमटायचा.

सिनेमा एकच, पण दोनदा निघालेला. एच. जी. वेल्सची 'द टाइम मशीन' ही छोटी कादंबरी 1895 साली आली. तिच्यावर 1960 मध्ये जॉर्ज पाल यांनी सिनेमा केला आणि 2002 मध्ये सायमन वेल्स यांनी. हे सायमन वेल्स मूळ लेखकाचे पणतू. पहिल्या रविवारी जुना पाहिला, दुसऱ्या रविवारी नवा. मला मुलांनी 'सर, तुम्ही या' म्हणून बोलावलं, ते बहुधा हॉलची किल्ली माझ्या सहीशिवाय मिळत नाही म्हणून. आमच्या शेजारचे निवृत्त विज्ञान शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे गुरुजी म्हणतो, त्यांना मी सोबत नेलं. आणि दाराशी, चपला काढतात त्या जागी, रात्रपाळीच्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही. दारव्ह्याकडची एक इंटर्न मुलगी त्यांच्या कानाशी लागून अख्खा सिनेमा वऱ्हाडीत सांगत होती.

सिनेमा संपल्यावर जी चर्चा झाली, तिच्यामुळे हा लेख लिहितोय. या सदरात मी साखर, रक्तदाब, डेंग्यू यांवर लिहितो. सिनेमावर लिहिण्याचा माझा अधिकार शून्य. पण थोडं थांबा, हा विषय शेवटी वॉर्डातच येतो.

गोष्ट थोडक्यात अशी. मूळ कादंबरीत एक शास्त्रज्ञ आहे, त्याला नावसुद्धा नाही. तो काळात प्रवास करणारं यंत्र बनवतो आणि थेट इसवी सन 8,02,701 मध्ये जातो. तिथे माणसाच्या दोन जाती झालेल्या दिसतात. जमिनीवर राहणारे नाजूक, आळशी, मुलांसारखे इलॉय आणि जमिनीखाली यंत्रं चालवणारे मोरलॉक. मोरलॉक इलॉयना सांभाळतात आणि रात्री खातात. आपण कोंबड्या पाळतो तसं.

गुरुजींचं मत पहिल्याच रविवारी पक्कं झालं. जुना सिनेमा खरा. त्यात नायक 1899 च्या शेवटच्या दिवशी निघतो, वाटेत दोन महायुद्धांत थांबतो, मग 1966 मध्ये अणुहल्ला पाहतो. सिनेमा 1960 चा, म्हणजे प्रेक्षकाला सहा वर्षांनी काय होईल याचीच भीती घातली होती. पुढे इलॉय भोंगा वाजला की मुकाट्याने मोरलॉकच्या दारात चालत जातात, कारण हवाई हल्ल्याच्या वेळी भोंगा वाजला की तळघरात जायचं ही सवय त्यांच्या पूर्वजांना लागलेली. गुरुजींना हे फार आवडलं. मुलांना आवडली ती दुकानातली पुतळी. नायक यंत्रात बसलेला असतो, समोरच्या दुकानाच्या काचेतली पुतळी तशीच उभी आणि तिच्या अंगावरचे कपडे भराभर बदलत जातात. काळ धावतोय हे एवढ्या साध्या युक्तीत कळतं. त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं होतं, हे एका इंटर्नने मोबाइलमध्ये बघून सांगितलं. मग तो म्हणाला, "आज हे आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये होईल सर." गुरुजी म्हणाले, "करून दाखव."

दुसऱ्या रविवारी मात्र हॉलमध्ये दोन तट पडले. नव्या सिनेमात नायकाला नाव आहे, अलेक्झांडर. तो न्यूयॉर्कला प्राध्यापक आहे. त्याची वाग्दत्त वधू एमा हिला बागेत एक लुटारू गोळी घालतो. चार वर्षं खपून तो यंत्र बनवतो, त्या रात्रीत परत जातो आणि तिला त्या बागेत जाऊच देत नाही. ती वाचते. तो फुलं घ्यायला वळतो, तेवढ्यात रस्त्यावर घोडे बिथरतात आणि ती गाडीखाली जाते. तेव्हा त्याला कळतं की हजार वेळा आलो तरी ती हजार प्रकारांनी मरेल. असं का, याचं उत्तर शोधायला तो पुढच्या काळात निघतो.

ही एमा वेल्सच्या कादंबरीत नाही. गुरुजींचा राग तिथेच. "वेल्सचा माणूस कुतूहल म्हणून गेला होता. याला बायकोच्या दुःखाने पाठवलं. आमच्याकडे पौराणिक नाटकात मध्येच लावणी घालायचे तसं झालं." वेल्सने जे सांगितलं ते वर्गाबद्दल होतं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर आहे. वेल्सची आई एका मोठ्या हवेलीत घरकामाची व्यवस्थापक होती. त्या हवेलीत नोकरांच्या जाण्यायेण्यासाठी जमिनीखालून बोगदे होते, वरच्या लोकांना खालची माणसं दिसू नयेत म्हणून. मोरलॉक कुठून आले हे शोधायला फार लांब जायला नको. शिवाय वेल्स हा जीवशास्त्राचा विद्यार्थी. लंडनला त्याला टी. एच. हक्सली यांनी शिकवलं होतं, डार्विनची बाजू जाहीर सभेत लढवणारे तेच हक्सली. उत्क्रांती म्हणजे प्रगतीच असं नाही, परिस्थिती सोपी झाली की प्राणी दुबळाही होतो, हा विचार त्याने तिथून उचलला.

एका इंटर्नने शंका काढली की आठ लाख वर्षांत माणसाच्या दोन जाती होतील का. आपण, म्हणजे आजच्या बांध्याचा माणूस, साधारण तीन लाख वर्षांचे. तेव्हा आठ लाख वर्षं थोडी नाहीत. पण नैसर्गिक निवड पाहायला एवढं लांब कशाला जायचं, मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी सिकलसेलच्या ओपीडीत बस. मलेरियाने ज्या भागात शेकडो पिढ्या पोरं मारली, तिथे एक सिकल जनुक असलेलं मूल मलेरियातून तग धरायचं, म्हणून ते जनुक टिकलं. आईबाप दोघांकडून आलं की तेच जनुक आजार होतं. आपल्या आदिवासी पाड्यांमधला हा आजार म्हणजे निसर्गाने केलेला जुना, महागडा सौदा आहे. मुलगा गप्प झाला, बहुधा सोमवारी ओपीडी लागेल या भीतीने.

असो. बहुतेक मुलांचं मत गुरुजींसारखंच पडलं, कारणं वेगळी. पहिला अर्धा तास छान, पितळ-काचेचं यंत्र देखणं, पुढे मारामारी. समीक्षकांनीही त्या सिनेमाला फारसं डोक्यावर घेतलं नव्हतं. मलाही तो उत्तरार्धात गडबडलेला वाटला. चर्चा संपत आली होती, चहा आला होता, आणि दाराशी बसलेल्या मावशींनी विचारलं, "सायेब, थे पोरगी दोनदा कायले मेली? त्यानं तं तिले वाचवलं होतं ना जी."

मुलं हसली. मी उत्तर द्यायला लागलो की सिनेमाच्या शेवटी मोरलॉकचा म्होरक्या त्याचं कारण सांगतो. एमा मेली म्हणून तू यंत्र बनवलंस. ती जगली असती तर यंत्र बनलंच नसतं. मग त्याच यंत्राने तिला कसं वाचवशील? मावशींनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी बी जाते ना जी रोज मांगं. मले मशीन नाही लागत."

कोणी हसलं नाही. आमच्यापैकी बऱ्याच जणांना त्यांची हकीगत माहीत होती.

2017 साली आपल्या जिल्ह्यात काय झालं हे वाचकांना सांगायला नको. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत गेली होती. फवारणी करणारा शेतात शिरला की औषधाचा फवारा त्याच्याच तोंडावर यायचा. पावसाळ्याच्या त्या दोन-तीन महिन्यांत फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दाखल झाली, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. यातले कितीतरी दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारे मजूर होते. मावशींचा मुलगा त्यांच्यात होता. संध्याकाळी घरी आला तो घामाने डबडबलेला. उलटी झाली. मावशींना वाटलं ऊन लागलं, त्यांनी लिंबूपाणी दिलं आणि झोपवलं. कपडे तेच. पहाटे छातीत घरघर लागली तेव्हा वाहन शोधलं. आणि वाटेतल्या एका दवाखान्यात कुणीतरी पांढऱ्या कोटातल्या माणसाने त्यांना सांगितलं, "काल रात्रीच आणायला हवं होतं."

हे एक वाक्य त्या माउलीने आजवर सांभाळून ठेवलंय. रोज रात्री त्या त्याच संध्याकाळी परत जातात. कधी मुलाला सकाळी वावरात जाऊच देत नाहीत. कधी संध्याकाळी त्याला आंघोळ घालतात. कधी शेजाऱ्याची मोटरसायकल मागतात. आणि तरी तो प्रत्येक वेळी पहाटे जातोच.

म्हणून मला म्हणायचंय की गुरुजींनी जो भाग उपरा म्हणून काढून टाकला, तोच त्या सिनेमातला सगळ्यात खरा भाग आहे. भविष्यात काय होईल या कुतूहलाने फार थोडी माणसं काळाच्या यंत्रात बसतील. आमच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुणालाही विचारा, तो मागे जाईल. एका ठराविक संध्याकाळी जाईल.

आता थोडं विज्ञान, कारण सदराचं नाव तसं आहे. पुढच्या काळात जाणं हे पदार्थविज्ञानाला मान्य आहे. 1971 मध्ये हाफेल आणि कीटिंग या दोघांनी अणुघड्याळं घेऊन साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा जमिनीवरच्या घड्याळांशी त्यांचा अब्जांश सेकंदांत फरक पडला, आइनस्टाइनच्या गणिताप्रमाणे. मोबाइलमधला नकाशा ज्या उपग्रहांवर चालतो त्यांच्या घड्याळांना दिवसाला 38 मायक्रोसेकंदांची दुरुस्ती द्यावी लागते. मागे जाण्याचं मात्र कुणी करून दाखवलेलं नाही, आणि मावशींनी काढलेली अडचण हीच त्यातली मोठी अडचण आहे. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत ही जखम फार सुंदर वापरली. विश्वासरावांना लागलेली गोळी थोडक्यात हुकते आणि 1761 चं पानिपत मराठे जिंकतात, असं दुसरं जग त्या कथेच्या नायकाला दिसतं. अख्ख्या समाजाचं एक 'जर-तर' असू शकतं. दोनशे साठ वर्षांनंतरही आपण त्या संक्रांतीच्या दिवशी परत जातोच की.

पण मावशी म्हणतात ते यंत्र पदार्थविज्ञानातलं नाही, डोक्यातलं आहे. एंडेल टुल्विंग नावाचे मानसशास्त्रज्ञ कॅनडात टोरांटोला होते. त्यांच्याकडे के. सी. या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा एक रुग्ण होता. 1981 मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला मार बसला. त्याला बुद्धिबळ खेळता येत होतं, बोलता येत होतं, जगाची माहिती होती. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला पुन्हा 'जगता' येत नव्हता. विलक्षण गोष्ट पुढेच आहे. उद्या काय करशील असं विचारलं तर तिथेही त्याला कोरं दिसायचं. भूतकाळ गेला तसा भविष्यकाळही गेला. पुढे 2007 मध्ये लंडनच्या संशोधकांनी मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांवर काम केलं, तेव्हा त्यांनाही नवा प्रसंग, समजा एखादा समुद्रकिनारा, मनात उभा करताना तुकडेच सापडत होते. म्हणजे मागे नेणारं आणि पुढे नेणारं यंत्र बहुतांशी एकच आहे. निसर्गाने ते आपल्याला दुःख उगाळायला दिलेलं नसावं. मागचं पाहून उद्याचा बेत आखता यावा म्हणून दिलं असावं. पण एकदा यंत्र दिलं की माणूस ते कुठे नेईल हे सांगता येत नाही.

ते यंत्र कुठल्या वळणावर अडकतं याचाही अभ्यास झाला आहे. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1982 मध्ये लोकांना एक साधा प्रश्न विचारला. दोन माणसं एकाच गाडीतून विमानतळावर पोचली, दोघांचीही विमानं चुकली. एकाचं वेळेवर अर्ध्या तासापूर्वी गेलं, दुसऱ्याचं उशिरा सुटून फक्त पाच मिनिटांपूर्वी. जास्त हळहळ कुणाला? जवळजवळ सगळ्यांनी पाच मिनिटंवाल्याचं नाव घेतलं. तोटा तर दोघांचा सारखाच. पण जे थोडक्यात हुकलं तिथे मन पुन्हा पुन्हा जातं, कारण ते बदलणं सोपं वाटतं. आणि बदलायला सोपी वाटते ती नेहमी आपली स्वतःची कृती. मावशींच्या कहाणीत पऱ्हाटीची उंची आहे, औषधांचं जहाल मिश्रण आहे, हातमोजे न देता कामाला लावणारी पद्धत आहे, रात्री वाहन न मिळणारं गाव आहे. यातलं काहीच त्यांना बदलता येत नाही, मनातसुद्धा. बदलता येतं ते फक्त लिंबूपाणी.

यात आणखी एक फसवणूक असते. निकाल कळल्यावर आधीच्या खुणा लख्ख दिसायला लागतात. बारूख फिशहॉफ यांनी 1975 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. शेवट माहीत असलेल्या माणसाला तो शेवट आधीपासूनच उघड होता असं वाटतं, आणि आपल्याला आधी माहीत नव्हतं हेच तो विसरतो. घामाने डबडबून, उलटी करून येणारी माणसं भाद्रपदातल्या उन्हात घरोघरी असतात. त्या संध्याकाळी मावशींना जे दिसत होतं त्यावरून ऊन लागलं हाच निष्कर्ष शहाणा होता. हे मी त्यांना सांगितलं आहे. पटलं की नाही, माहीत नाही.

माझंही एक यंत्र आहे. ते मला 1996 च्या श्रावणात नेतं. मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवा होतो, सत्तावीस वर्षांचाही नव्हतो. मध्यरात्री एका दहा वर्षांच्या मुलाला बापाने आणलं. पोट दुखतंय एवढीच तक्रार. घरी सगळे जमिनीवर झोपलेले. मी पोट तपासलं, मऊ होतं. ॲसिडिटीचं औषध दिलं, सकाळी दाखवा म्हटलं. चार वाजता ते परत आले तेव्हा मुलाच्या पापण्या वर उचलल्या जात नव्हत्या, आवाज नाकात गेला होता. मण्यार चावली होती. मण्यारीचा दंश बहुधा झोपेत होतो, दुखत नाही, सूज येत नाही, कधी कधी दाताची खूणही सापडत नाही. पहिली तक्रार पोटदुखी किंवा घसादुखी असू शकते. मग पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू लुळे पडतात. आमच्याकडे होतं तेवढं प्रतिविष दिलं. पिशवीने श्वास देत जीपमधून निघालो. जिल्ह्याचं ठिकाण यायच्या आत तो गेला.

त्यानंतर पावसाळ्यात रात्री पोटदुखीचा कुणीही आला, अगदी कुणीही, तरी मी आधी त्याच्या पापण्या बघतो, वर बघ म्हणतो आणि तासाभराने पुन्हा बघतो. जमिनीवर झोपला होतास का, हे विचारतो. माझ्या हाताखालून गेलेला प्रत्येक इंटर्न हे करतो, आणि त्यामुळे किती मुलं वेळेवर व्हेंटिलेटरवर पोचली ते मी मोजलेलं नाही, पण काही पोचली. आता सिनेमातल्या त्या म्होरक्याचा तर्क मला लावून बघा. तो मुलगा गेला म्हणून हा डॉक्टर तयार झाला. मागे जाऊन त्याला वाचवलं तर मधली तीस वर्षं बदलतील, मग पुढच्यांच्या पापण्या कोण बघणार?

त्या रविवारी रात्री हे मला एकदम लागलं आणि झोप आली नाही. तर्क चोख आहे. आणि तरी तो मला मान्य नाही. त्या मुलाच्या बापाला हा हिशेब मी सांगू शकत नाही. तुमचं मूल गेलं म्हणून दुसऱ्यांची वाचली, हे वाक्य डॉक्टरच्या तोंडी शोभत नाही, आणि मोरलॉकच्या तोंडी ते शोभलं यातच काय ते आलं. मी संधी मिळाली तर मागे जाईन. पापण्या बघेन. पुढचं पुढे.

सरकारी व्यवस्थेतही काळात मागे जाण्याची एक सोय आहे, तिला आम्ही मृत्यू अन्वेषण म्हणतो. बाळंतपणात बाई दगावली की तिच्या शेवटच्या तासांचा माग काढला जातो. निर्णय घ्यायला उशीर झाला का, पोचायला झाला का, की पोचल्यावर उपचार मिळायला झाला, असे तीन उशीर तपासायचे असतात. कुणाच्या माथी दोष मारायचा नाही, असं या प्रक्रियेचं तत्त्व आहे. प्रत्यक्षात बैठकीत पहिली पाच मिनिटं प्रत्येक जण दुसऱ्याचा उशीर शोधत असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण नीट झालं तर त्यातून ॲम्ब्युलन्स कुठे उभी करायची, रक्त कुठे ठेवायचं हे ठरतं. मागे जायचं, पण कुणाला तरी पुढे न्यायला.

वॉर्डात मात्र आम्हा डॉक्टरांची जीभ फार सैल असते. 'उशीर केलात', 'आधी आणायचं होतं', 'इतके दिवस काय करत होतात'. थकलेला माणूस बोलून जातो, मीही बोललो आहे. उशिराने माणसं मरतात हे खरंच आहे, ते ओरडून सांगायलाही हवं, पण ते सांगायची जागा ग्रामसभा आहे, हे सदर आहे. ज्याच्या घरचं माणूस आत्ताच गेलं त्याला ते सांगून कुणाचाही जीव वाचत नाही. त्याच्या हाती फक्त एक यंत्र दिलं जातं, ज्याची चावी काढता येत नाही.

तेव्हा सांगायचं ते इथे सांगतो. फवारणी करून आल्यावर मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं यातलं काहीही झालं तर ऊन लागलं असं गृहीत धरू नका. आधी कपडे काढा, अंग आणि केस साबणाने धुवा, कारण विष कातडीतून आत जात राहतं. मदत करणाऱ्याने आपल्या हातांना जपावं. त्याच रात्री दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, त्यावरून उपचार ठरतो. 108 ला फोन करा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून फवारू नका, आणि मजूर लावत असाल तर हातमोजे, मास्क आणि चष्मा देणं हे तुमचं काम आहे, त्याचं नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका. खाट नसेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचून झोपा, ती मण्यारीलाही अडवते.

आणि घरात कुणी गेल्यावर सहा महिने उलटूनही जर एखादं माणूस रोज त्याच दिवसात अडकून पडलं असेल, खाणंपिणं, काम, माणसं सुटली असतील, तर ते 'मन कमकुवत आहे' असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीत दीर्घकाळ टिकणाऱ्या शोकाला स्वतंत्र जागा आहे आणि त्यावर बोलण्याच्या उपचारांचा उपयोग होतो. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलीमानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. मरणाचे विचार येत असतील तर वाट पाहू नका.

वेल्सविषयी एक सांगायचं राहिलं. ज्याने हे यंत्र कल्पिलं तो स्वतः आजारी माणूस होता. तरुणपणी शाळेत शिकवताना फुटबॉलच्या खेळात त्याच्या मूत्रपिंडाला मार बसला, पुढे थुंकीतून रक्त पडलं, आपण फार जगणार नाही असं त्याला वाटत होतं. त्या सावटात त्याने आठ लाख वर्षांपुढची गोष्ट लिहिली. तो 79 वर्षं जगला. उतारवयात मधुमेह झाला, तेव्हा 1934 मध्ये आपले डॉक्टर आर. डी. लॉरेन्स यांच्यासोबत त्याने मधुमेहींची संघटना काढली. लॉरेन्स स्वतः मधुमेही, इन्सुलिन वेळेवर आलं म्हणून वाचलेले. ती संघटना आजही चालू आहे. गुरुजींना हे माहीत नव्हतं. त्यांना माहीत नसलेलं काही सांगितल्याचा आनंद मला दोन दिवस पुरला.

जुन्या सिनेमाच्या शेवटी नायक पुन्हा भविष्यात निघून जातो आणि जाताना कपाटातली तीन पुस्तकं घेऊन जातो. कोणती, ते सिनेमा सांगत नाही. मुलांमध्ये यावरून पैजा लागल्या. एकाने मेडिसिनचं जाडजूड पाठ्यपुस्तक घेतलं, दारव्ह्याच्या मुलीने गाथा घेतली, गुरुजींनी तिसरीवर बराच वेळ घेतला आणि शेवटी दोनच सांगितली. मावशी कप गोळा करत होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्ही काय न्याल?

"मी कायले जाऊ तिकडं," त्या म्हणाल्या. "नातीची दहावी हाये औंदा." मग ट्रे उचलता उचलता दारव्ह्याच्या मुलीला म्हणाल्या, "म्होरच्या रैवारी कोणता लावता गं? रडाचा नोको लावू, बापा."